तलवारीला कुणी विचारलं होतं का?

द्वंद्वाच्या दिवशी अ‍ॅडोलिन खोलिन तीन गोष्टी चुकवत नाही. सकाळी चिकन खातो, आईची साखळी जवळ ठेवतो, आणि रिंगणात उतरण्याआधी आपल्या तलवारीशी दोन शब्द बोलतो. तलवार उत्तर देत नाही. ती देईल अशी त्याची अपेक्षाही नाही. शतकानुशतकं या हातातून त्या हातात जात आलेलं हत्यार आहे ते, आज त्याच्याकडे आहे, उद्या तो हरला तर दुसऱ्याकडे जाईल. तरी तो बोलतो.

ब्रँडन सँडरसनच्या ‘स्टॉर्मलाइट आर्काइव्ह’ या मालिकेच्या दुसऱ्या खंडात, २०१४ साली आलेल्या हजारावर पानांच्या पुस्तकात, हा एवढासा तपशील आहे. लढाई सुरू झाली की तो मागे पडतो. वाचकांच्या मनातून मात्र तो गेला नाही. हा मुलगा तलवारीशी बोलतो, त्याअर्थी आज ना उद्या ती ऐकणार, असे तर्क तेव्हापासून लढवले जाऊ लागले आणि वर्षानुवर्षं लढवले गेले. मी या मालिकेची वाचक आहे. तिच्यातली युद्धं, राजकारण, खंडभर घोंघावणारी वादळं हे सगळं मला आवडतं, पण शस्त्रांबद्दलच्या या तर्कांनी मला जितकं धरून ठेवलं तितकं दुसऱ्या कशानेच नाही. तलवारीला कळतं का? दुखतं का? तिला स्वतःचं मत आहे का? यातला कुठलाही प्रश्न खणत गेलं की खाली मला एकच प्रश्न लागतो. तिला कुणी विचारलं होतं का?

(पुढे चौथ्या खंडापर्यंतच्या गोष्टी मी उघड करून बोलणार आहे. डिसेंबर २०२४ मध्ये आलेला पाचवा खंड अजून बऱ्याच जणांच्या उशाशी अर्धवट वाचलेला पडून आहे, म्हणून तो बाजूला ठेवते.)

रोशर नावाच्या त्या जगात या तलवारींना शार्डब्लेड म्हणतात. मालकाने मनातून हाक मारायची आणि काळजाचे दहा ठोके वाट बघायची. धुकं गोळा होतं आणि तलवार हातात येते, पात्यावर दव साचलेलं असतं. ती दगड कापते. माणसाच्या अंगातून गेली तर मात्र जखम होत नाही, रक्त येत नाही. डोळे जळून जातात आणि माणूस कोसळतो. २०१० साली आलेल्या पहिल्या खंडात या तलवारी म्हणजे निव्वळ वैभव आहे. ज्याच्याकडे ती, तो सरदार. पण त्याच खंडात अ‍ॅडोलिनचे वडील दालिनार यांना एक दृष्टान्त होतो. प्राचीन काळचे शेकडो तेजस्वी योद्धे एका किल्ल्यासमोर येतात, आपापल्या तलवारी जमिनीत रोवतात, चिलखतं उतरवून ठेवतात आणि एक शब्द न बोलता चालू लागतात. त्यांनी हात काढताच शस्त्रांवरचं तेज विझतं. मागे राहिलेले सैनिक त्या तलवारींवर तुटून पडतात आणि त्यांच्यासाठी एकमेकांचे मुडदे पाडतात.

वाचकांनी बोट ठेवलं ते त्या विझणाऱ्या तेजावर. हे तेज कशाचं होतं? त्या जगात स्प्रेन नावाचे जीव आहेत. वाऱ्याचे, भीतीचे, वेदनेचे, अब्रूचे, म्हणजे माणसाच्या मनात जे जे उमटतं त्याला तिथे देह मिळतो. त्यातले काही शहाणे स्प्रेन माणसांशी नातं जोडतात आणि त्या नात्याला शपथांचा आधार असतो. मग हळूहळू जुळवाजुळव सुरू झाली. दव का पडतं? ठोके दहाच का? शपथ मोडली तर स्प्रेनचं काय होतं? दुसऱ्या खंडात अ‍ॅडोलिनचा धाकटा भाऊ रेनारिन हातातल्या तलवारीने अस्वस्थ होताना दिसतो, कॅलाडिन नावाचा सैनिक भर द्वंद्वात एक शार्डब्लेड पकडतो आणि त्याच्या डोक्यात किंकाळी फुटते. शेवटी दालिनारच्या बाबतीतही तेच होतं. ज्यांचं जिवंत स्प्रेनशी नातं आहे त्यांनाच ती ऐकू येते. जे अनेकांनी ताडलं होतं ते खरं निघालं. राजेरजवाडे मिरवत होते ती प्रत्येक जुनी तलवार म्हणजे शपथ मोडल्यामुळे मेलेल्या एका स्प्रेनचं प्रेत आहे. धड मेलेलंही नाही, कारण हाक मारली की ते अजून येतं आणि आल्यावर ओरडतं.

हे कळल्यावर पहिला खंड पुन्हा उघडून पाहिलात तर तो वेगळाच वाटतो. आधी ज्या लढाया वाचताना अंगावर रोमांच उभे राहिले होते, तिथे आता प्रत्येक वेळी दव पडलं की पोटात कालवतं. तर्क करणाऱ्या वाचकांना अनेकदा कोडी सोडवणारे म्हणून हिणवलं जातं. मला ते पटत नाही. लेखकाने सांगायच्या आधी ज्यांना किंकाळी ऐकू आली होती, त्यांचं वाचन काळजाच्या कानाने झालेलं होतं.

पण या सगळ्यात खरी बोलकी तलवार वेगळीच आहे, आणि ती रोशरची नाहीच. तिचं नाव नाइटब्लड. सँडरसनच्या बहुतेक कादंबऱ्या एकाच विश्वातल्या वेगवेगळ्या जगांत घडतात आणि अधूनमधून एका जगातलं कुणीतरी चोरपावलांनी दुसऱ्या जगात दिसतं. नाइटब्लड मुळात ‘वॉरब्रेकर’ या २००९च्या कादंबरीतली, जिचे खर्डे लिहिता लिहिताच लेखकाने स्वतःच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला ठेवले होते. स्टॉर्मलाइटच्या दुसऱ्या खंडात झाहेल नावाचा एक तिरसट तलवारबाजीचा गुरू येतो, तो बोलताना रंगांच्या उपमा देतो. रोशरमध्ये असं कुणी बोलत नाही. ज्यांनी ‘वॉरब्रेकर’ वाचली होती त्यांचे कान टवकारले, कारण हे बोलणं त्या कादंबरीतल्या हॅलंड्रेन राज्याचं, हा तर तिच्यातला व्हॅशर! आणि व्हॅशर इथे असेल तर त्याची तलवार कुठे? ती मिळाली पुस्तकाच्या अगदी शेवटी. मरून पुन्हा जिवंत केलेल्या झेथ या मारेकऱ्याच्या हातात नेल नावाचा प्राचीन योद्धा एक काळी तलवार देतो, चांदीच्या म्यानातली. आणि ती आनंदाने विचारते, आज थोडी दुष्टाई नष्ट करायची का?

ज्यांना माहीत होतं ते त्या ओळीला उडालेच. मला तेव्हा भीती वाटली होती, आणि ती अजून गेलेली नाही. ही तलवार कशी घडली ते आठवून पाहा.

‘वॉरब्रेकर’च्या जगात प्रत्येक माणूस जन्मतः एक श्वास घेऊन येतो. हा श्वास देता येतो, विकता येतो. तो गोळा करून आणि हुकूम देऊन निर्जीव वस्तूत जागृती आणता येते. कादंबरीच्या सुरुवातीलाच व्हॅशर कोठडीत बसून गवताची बाहुली करतो आणि तिला किल्ल्या आणायला पाठवतो. हुकूम मातृभाषेतच द्यावा लागतो, अडखळून चालत नाही, आणि तो देताना काय व्हायला हवं आहे त्याचं चित्र मनात स्वच्छ असावं लागतं. गवत, कापड, दोरी सोपी, कारण ती कधीतरी जिवंत होती. पोलाद जवळजवळ अशक्य. व्हॅशर आणि त्याची बायको शशारा यांनी ते केलं. एका पोलादी तलवारीत त्यांनी हजार श्वास ओतले आणि हुकूम दिला, दुष्टाई नष्ट कर.

दोघेही विद्वान होते. त्यांना वाटलं, यापेक्षा निर्दोष हुकूम कुठला असणार? चांगल्याला या तलवारीपासून धोका नाही, वाईटालाच. पण तलवारीला दुष्टाई म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. कसं असणार? ती पोलादाची. तिने भुकेपोटी भाकरी चोरलेली नाही, पोटच्या पोराला वाचवायला खोटं बोललेली नाही, सूडाने कुणाची झोप उडवलेली नाही. माझ्या मनात सारखं येतं ते हे, की हुकूम देताना मनात चित्र असावं लागतं ना, मग त्या क्षणी या दोघांच्या मनात दुष्टाईचं कोणतं चित्र होतं? एखाद्या माणसाचा चेहरा? एखादं सैन्य? की नुसता एक शब्द होता आणि त्यामागे काहीच नव्हतं? मला तिसरी शक्यता खरी वाटते. म्हणूनच तलवारीने स्वतःचं एक माप शोधलं. तिला पाहून ज्याला ती हवीहवीशी वाटते, तिच्या जोरावर काय काय करता येईल याने ज्याची नजर बदलते, तो दुष्ट. तो तिला उचलतो आणि आपल्या माणसांनाच कापत सुटतो, शेवटी स्वतःलाही. ज्याला तिचा मोह नाही त्याला मळमळतं. त्या कादंबरीतली राजकन्या व्हिव्हेना तिला हात लावते आणि ओकते. व्हॅशर तर लढाईत सहसा ती उपसतही नाही, म्यानासकट शत्रूंच्या मध्ये फेकून देतो आणि बाजूला उभा राहतो.

पुढे शशाराला हे रहस्य इतरांना सांगायचं होतं. अशा आणखी तलवारी झाल्या असत्या. व्हॅशरने बायकोला ठार मारलं. कादंबरीत हे जाता जाता कळतं, आणि मी दरवेळी तिथे थांबते. दुष्टाई नष्ट करायला म्हणून जे जन्माला घातलं, त्याच्या जन्माची गोष्ट बापाने आईला मारण्यावर संपते, आणि पोर मात्र आनंदात बडबडत असतं.

नाइटब्लडबद्दलच्या वाचकांच्या चर्चेत दोन तट आहेत. एक तट ती कुणाकुणाला मारू शकेल याचे हिशेब मांडतो. शार्डब्लेडला भारी आहे का, देवाला मारेल का? २०२०च्या चौथ्या खंडात तारावान्गियन नावाच्या राजाने या तलवारीने एका देवाची शक्ती धारण करणाऱ्याला संपवलं, तेव्हा या तटाचं भाकीत खरं ठरलं, आणि त्यांना त्याचा अभिमान वाटणं साहजिक आहे. मला या हिशेबांत रस वाटत नाही. कोण कोणाला भारी हे ठरलं की गोष्ट संपते. दुसरा तट विचारतो, ही तलवार शिकेल का? तिला चांगलं-वाईट कळेल का? लेखकाने सांगितलंय की ती शार्डब्लेडची नक्कल करायच्या प्रयत्नातून झाली. त्या दोघांनी रोशरच्या तलवारी पाहिल्या आणि तसंच काहीतरी घडवू म्हटलं. माझ्या मते या मालिकेतली सगळ्यात करुण गोष्ट हीच आहे. शार्डब्लेडच्या मुळाशी एक जिवंत जीव असतो, जो स्वतःहून येतो आणि शपथ घेणाऱ्या माणसाला आपलं म्हणतो. नक्कल करताना तलवार आली, बुद्धी आली, बोलणं आलं. स्वतःहून येणं तेवढं राहून गेलं.

बोलणारी तलवार ही काही सँडरसनची कल्पना नव्हे. फिनलंडच्या ‘कालेवाला’ महाकाव्यात, एलियास ल्योनरोटने १८४९ साली वाढवलेल्या आवृत्तीच्या छत्तिसाव्या सर्गात, कुलेर्वो सगळं गमावून बसलेला असतो आणि तलवारीला विचारतो, अपराधी मांस खाशील का? ती म्हणते, निरपराधांचं खाते, तर तुझं का खाऊ नये? ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणाऱ्या टोल्किनला ही कथा तरुणपणापासून लागलेली होती. त्याच्या तूरिन या नायकाची तलवारही शेवटी त्याच प्रश्नाला उत्तर देते, पण तिथे फार मोठा फरक आहे. त्या तलवारीला आठवणी आहेत. तूरिनच्या हातून चुकून मारला गेलेला बेलेग तिला आठवतो, कारण तो तिचा आधीचा धनी होता, आणि त्याचं रक्त विसरता यावं म्हणून ती तूरिनचं रक्त प्यायला तयार होते. टोल्किनने ती तलवार उल्केतल्या लोखंडाची केली आणि घडवणाऱ्याचं काळं मन तिच्यात उतरलं असं आधीच सांगून ठेवलं. तिथेही कुणी तलवारीला विचारलेलं नाहीच. पण निदान शेवटी तरी कुणी तिच्याशी बोललं, आणि तिला जे म्हणायचं होतं ते म्हणू दिलं.

मला वाटतं, खंडेनवमी ज्या घरात पाळली जाते तिथल्या वाचकाला हे सगळं फारसं परकं वाटत नाही. माझे वडील टर्नर होते. आदल्या दिवशी ते मायक्रोमीटर तेलाच्या बोळ्याने पुसत, लाकडी पेटीत ठेवत, आणि हळदकुंकू वाहताना पेटीवर वाहत, मायक्रोमीटरवर कधीच नाही. कुंकवाचा एक कण जबड्यात गेला तरी माप चुकतं, म्हणत. झेंडूचं फूल पेटीच्या झाकणावर, अगरबत्ती जरा लांब, राख पडू नये म्हणून. त्या दिवशी त्या पेटीला कुणीही हात लावायचा नाही. घरात काही दुरुस्तीचं निघालं तरी उद्या. आज त्यांना सुट्टी, असं ते म्हणत. पूजा करताना ते काही मागत नसत. वर्षभर ज्याच्याकडून काम घेतलं त्याला एक दिवस काम न सांगणं, एवढंच होतं ते. अ‍ॅडोलिन तलवारीशी बोलतो ते वाचताना मला त्यांचा हात आठवला, पेटीचं झाकण लावून क्षणभर त्यावर राहिलेला.

आणि मग महाभारत. शांतिपर्वात शरशय्येवरच्या भीष्मांना नकुल विचारतो, लोक धनुष्याला श्रेष्ठ म्हणतात, पण मला खड्ग मोठं वाटतं. धनुष्य मोडलं, घोडे मेले तरी माणूस खड्गाने स्वतःला राखू शकतो. हे खड्ग आलं कुठून? भीष्म सांगतात ते वाचून मी चकित झाले होते. ब्रह्मदेव हिमालयाच्या शिखरावर यज्ञ करतात. अग्नीतून एक प्राणी उठतो. निळ्या कमळासारखा काळा, तीक्ष्ण दाढांचा, खपाटीला गेलेल्या पोटाचा, उंच. पृथ्वी हादरते. ब्रह्मदेव सांगतात, घाबरू नका, जगाच्या रक्षणासाठी याचा विचार मीच केला, हा असि. मग तो प्राणी आपलं रूप टाकतो आणि लखलखतं खड्ग होतो. पुढे त्याचं नक्षत्र सांगितलंय, कृत्तिका. दैवत अग्नी, गोत्र रोहिणी, गुरू रुद्र. आठ नावं सांगितलीयत. एखाद्या मुलाची पत्रिका मांडावी तसं. हे खड्ग रुद्राकडून विष्णूकडे, मग हातोहात मनूपर्यंत आणि पुढे राजाराजांतून कृपाचार्यांकडे नि पांडवांकडे येतं.

यात मला खिळवून ठेवणारी जागा मनूची. मनूला खड्ग देताना त्याबरोबर सूचना दिल्या जातात. धर्माची मर्यादा ओलांडणाऱ्याला शासन कर, पण विचार करून कर. आधी कठोर शब्द, मग दंड, धन घेणं. अंगच्छेद किंवा वध क्षुल्लक कारणासाठी नको. म्हणजे हुकूम आहे, पण तो शस्त्राला नाही, हाताला आहे, आणि त्या हुकमात पायऱ्या आहेत. व्हॅशर आणि शशाराने नेमकं उलटं केलं. त्यांनी पायऱ्या काढून टाकल्या आणि जे उरलं ते शस्त्राच्या डोक्यात घातलं. नाइटब्लडला रागावून बोलण्याची पायरी माहीत नाही, दंडाची नाही. तिच्याकडे थेट शेवटचीच पायरी आहे.

तरीही भीष्मांच्या कथेत एक गोष्ट मला टोचते. त्या काळ्या, उंच प्राण्याला रूप टाकायला कुणी सांगितलं, आणि त्याची तयारी होती का, हे कथा सांगत नाही. तो उठला, आणि लगेच त्याचं शस्त्र झालं.

रामायणातल्या बालकांडात मात्र शस्त्रंच बोलतात. विश्वामित्र रामाला अस्त्रं देतात. रामाची पुढची मागणी काय, तर ही परत कशी घ्यायची तेही शिकवा. सोडलेलं अस्त्र आवरता न येणं म्हणजे काय ते सौप्तिकपर्वातला अश्वत्थामा दाखवून देतो. त्याचं अस्त्र उत्तरेच्या गर्भावर जाऊन पडतं. तर राम ते आवरणं शिकतो आणि मग ती दिव्य अस्त्रं देह धरून समोर येतात. कुणी निखाऱ्यासारखी, कुणी धुरासारखी, कुणी चंद्रसूर्यासारखी, हात जोडलेली. आम्ही काय करावं ते सांग, म्हणतात. आणि राम म्हणतो, आत्ता जा, माझ्या मनात राहा, वेळ येईल तेव्हा मदत करा. ती त्याला प्रदक्षिणा घालतात आणि निघून जातात. कितीतरी वेळा वाचूनही मला या जागेचं नवल वाटतं. हातात विश्वातली सगळी अस्त्रं आलेला तरुण राजपुत्र पहिलं काम कोणतं करतो, तर त्यांना निरोप देतो. मनात राहणं आणि हाक मारल्यावर येणं, हे शार्डब्लेडच्या दहा ठोक्यांइतकंच आहे, आणि त्याच्या किती तरी शतकं आधीचं.

आता माया. तिसऱ्या खंडात, २०१७ साली, अ‍ॅडोलिन आणि त्याचे सोबती विचारांच्या जगात जाऊन पडतात, तिथे स्प्रेनना देह असतो. अ‍ॅडोलिनच्या मागे मागे एक स्प्रेन चालत असते, वेलींच्या अंगाची. तिचे डोळे कुणीतरी खरवडून काढल्यासारखे आहेत. तीच त्याची तलवार. तो तिच्याशी पूर्वीसारखाच बोलतो, फक्त आता तिच्या तोंडाकडे बघून. वाचक वर्षानुवर्षं म्हणत होते, हा तिला जिवंत करेल. कादंबरीत सगळे जाणते म्हणतात, मेलेलं स्प्रेन परत येत नाही. आणि शेवटच्या लढाईत त्याच्या मनात एक नाव येतं, मायालारन. तलवार सातव्या ठोक्याला येते. दहाव्या नाही, सातव्या. माझ्या माहितीत या मालिकेतला सगळ्यात आनंदाचा आकडा हाच.

चौथ्या खंडात अ‍ॅडोलिनवर स्प्रेनच्या नगरीत खटला भरतात. आरोप हा, की माणसांनी विश्वासघाताने स्प्रेनना मारलं. साक्षीला मायाला उभं करतात, मुकी, डोळे नसलेली, माणसांच्या पापाचा पुरावा म्हणून. सगळ्यांना वाटतं ती काही बोलणार नाही. आणि ती बोलते. आम्ही ठरवलं, असं म्हणते. प्राचीन काळी शपथा मोडायचा निर्णय माणसांनी एकट्याने घेतला नव्हता. स्प्रेननीही घेतला होता, मरण पत्करून, दोघांनी मिळून. तिला दया नको असते. तिचा निर्णय तिचा होता हे मान्य व्हायला हवं असतं. मी ते प्रकरण वाचलं तेव्हा पुस्तक खाली ठेवून खोलीत फेऱ्या घातल्या. इतके दिवस सगळे तर्क हे होते की तिला जिवंत करतील का, वाचवतील का. तिने स्वतः काय ठरवलं होतं, हा तर्क आम्ही वाचकांनी पुरेसा केलाच नव्हता.

म्हणून मायानंतर नाइटब्लडकडे वळले की माझा तर्क एकाच ठिकाणी जाऊन थांबतो. तो मांडते.

नाइटब्लड इतकी आनंदी का? तिच्या अवतीभवती इतकं मरण आहे, तरी तिचा सूर शाळा सुटल्यावरच्या पोरासारखा आहे. बहुतेक जण याला लेखकाचा विरोधाभासाचा खेळ समजतात. पण ‘वॉरब्रेकर’मध्येच एक नियम दिला आहे. ज्याने आपला श्वास दिला त्याच्यातलं काहीतरी जातं. रंग फिके दिसतात, तो लवकर आजारी पडतो, उदास होतो, उगाच चिडतो. पुष्कळ श्वास जमवणाऱ्याला सूर आणि रंग नेमके कळू लागतात. म्हणजे काहीतरी एकाकडून जातं आणि दुसरीकडे येतं. हॅलंड्रेनमध्ये देव म्हणून पुजल्या जाणाऱ्यांना जगायला आठवड्याला एक श्वास लागतो, आणि त्यांच्यातल्या लाइटसाँगला तो द्यायला समोर एक लहान मुलगी आणून उभी करतात. ते पान वाचणाऱ्या कुणालाही विसरता येऊ नये.

आता हजार श्वास एका तलवारीत. हजार माणसं उदास झाली असतील. त्यांचं जे गेलं ते कुठे गेलं? माझा तर्क असा, की नाइटब्लडचा आनंद तिचा नाही. तो त्या हजार जणांचा आहे, आणि कदाचित त्यातल्या कितीतरी मुलांचा. म्हणून तिला दुष्टाई कळत नाही आणि म्हणून ती सतत विचारत राहते, करायची का, आज करायची का?

याला आक्षेप मला दिसतो. श्वास घेतलेल्या माणसांच्या स्वभावात देणाऱ्याचं काही उतरलेलं त्या कादंबरीत दिसत नाही. व्हिव्हेनाला एकदम शेकडो श्वास मिळतात, पण ती आनंदी होत नाही, उलट घाबरते. हा आक्षेप बळकट आहे. पण व्हिव्हेनाला आधीच स्वतःचं मन होतं, त्यावर बाहेरून काही ओतलं गेलं. तलवारीत आधी काहीच नव्हतं. रिकाम्या भांड्यात जे ओतलं तेच भांड्याचं झालं तर?

व्हॅशर आणि शशाराच्या त्या प्रयोगाला ‘वॉरब्रेकर’च्या काळी तीनशे वर्षं होऊन गेली होती. श्वास देणारे ते हजार जण कधीच मातीत गेले. नाइटब्लडच्या नावानेच एक पुढची कादंबरी लिहायचा बेत लेखकाने फार पूर्वी सांगून ठेवला आहे. ती येईल तेव्हा त्यात मला आणखी एखाद्या देवाचा वध नको आहे. त्या हजारांपैकी एकाचं तरी नाव हवं आहे, त्याने श्वास कितीला दिला ते हवं आहे, आणि तो देताना याची तलवार होणार आहे हे त्याला कुणी सांगितलं होतं का, ते हवं आहे.